तिसरा सेकंद

मी बी.एड. केलं तेव्हा सराव पाठाची एक युक्ती जवळजवळ सगळ्या कॉलेजांत चालायची. पाठाच्या आदल्या दिवशी आम्ही शिकाऊ शिक्षक वर्गावर जाऊन मुलांना पढवून ठेवायचो, "उद्या मागच्या बाकावर आमचे सर येऊन बसतील. मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा." दुसऱ्या दिवशी साठच्या साठ हात वर. आम्ही उजव्या हातवाल्यांतला एखादा उठवायचो, तो खणखणीत उत्तर द्यायचा आणि सर वहीत भरघोस गुण मांडायचे. सरांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. तेही त्यांच्या काळी असेच पास झाले होते. चोर चोर मावसभाऊ!

मला मात्र या नाटकाची शिसारी होती. पुढे नोकरी सांभाळून एम.एड.ला प्रवेश घेतला, तेव्हा प्रबंधाचा विषय निवडताना डोक्यात एकच गोष्ट होती. शिकवलेलं पोरांना कळलं की नाही, हे त्यांच्या हाताला न विचारता थेट डोक्याला विचारायचं. ही गोष्ट २०३१ सालची. आज त्या विषयाची आठवण झाली की मला स्वतःची लाज वाटते, पण तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

यंत्र साधंच होतं. कपाळाला बांधायची एक रबरी पट्टी आणि तिच्या आतल्या बाजूला बारीक दिवे. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही; तो तांबड्याच्या पलीकडचा, अवरक्त. कातडी आणि हाड पार करून तो दोनेक सेंटिमीटर आत जातो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायूनं भरलेलं रक्त जास्त धावतं, आणि अशा रक्तात हा प्रकाश वेगळ्या प्रमाणात शोषला जातो. परत आलेला प्रकाश मोजत राहिलं, की आत कधी धावपळ आहे आणि कधी सामसूम, याचा आलेख निघतो.

इथवर सगळं जुनंच होतं. माझ्या कामाची गोष्ट पुढची. एक माणूस बोलतो आणि दुसऱ्याला ते कळत असतं, तेव्हा दोघांचे आलेख जवळजवळ सारखेच चढतात आणि उतरतात. ऐकणाऱ्याचा जरा मागून, एवढाच फरक. कळेनासं झालं की आलेखांची फारकत होते. मी शिक्षकाच्या कपाळाला एक पट्टी बांधली, प्रत्येक मुलाच्या कपाळाला एक, आणि त्यांच्यात किती मेळ आहे याचा शंभरपैकी आकडा देणारं सूत्र बसवलं. त्याला नाव दिलं 'मेळांक'.

अठ्ठावीस शाळांतले पाठ मी मोजले. अठ्ठाविसावी शाळा सांगोला तालुक्यातल्या हरणखोरीची होती आणि तिथले शिक्षक होते माझे एम.एड.चे वर्गमित्र, सिद्धनाथ लवटे.

लवटे माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. शनिवार-रविवारच्या तासांना सोलापूरला मोटरसायकलवर यायचे, अंगावर धुळीचा थर घेऊन. वर्गात फारसं बोलायचे नाहीत. बोललेच तर असं काही विचारायचे, की प्राध्यापक घड्याळ बघायला लागायचे. पुढे घरच्या अडचणीपायी त्यांचं एम.एड. अर्ध्यात सुटलं. पण माझ्या कामाला त्यांनी आनंदानं वर्ग दिला. बत्तीस पोरांच्या कपाळांना पट्ट्या बांधताना ते म्हणाले, "म्याडम, पोरं म्हणत्यात, हे बाशिंग कुणाच्या लग्नाचं?"

त्या दिवशी पाचवीच्या वर्गात त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पृथ्वी गोल हाय असं पुस्तकात लिवलंय. मग आपल्या शेततळ्यातलं पाणी सपाट का दिसतं?" आणि गप्प बसले. खरोखरच गप्प. खिडकीशी जाऊन उभे राहिले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कुणी छताकडे, कुणी वहीवर रेघोट्या ओढायला लागलं. माझ्या पडद्यावर बत्तीस आलेख बत्तीस दिशांना गेले होते. चाळीस मिनिटांनी घंटा झाली तरी लवट्यांनी उत्तर सांगितलं नाही. मेळांक आला एकतीस. सगळ्या अठ्ठावीस शाळांत सर्वांत कमी.

मी मनातल्या मनात त्यांची कीव केली. संध्याकाळची एसटी रद्द झाली म्हणून त्यांच्याच घरी मुक्कामाला राहिले आणि सकाळी निघण्यापूर्वी, पट्ट्या बरोबर होत्याच म्हणून, पुन्हा एकदा वर्गात बांधल्या. पाठ सुरू होण्याआधीच कोमल नावाची मुलगी उठली.

"सर, शेततळं लय बारकं हाय, म्हणून सपाट दिसतं. काल मी शेळीच्या दाव्याला खुटी बांधून अंगणात मोठं वाटूळं काढलं. आन् त्यातला टीचभर तुकडा बघितला, तर त्यो सरळच दिसतोय की!"

"आन् दावं आजून लांब केलं तर?" लवट्यांनी विचारलं.

"तर आजून सरळ दिसंल!" हे कोमलनं नव्हे, सहा-सात पोरांनी एकदम सांगितलं. माझ्या पडद्यावर बत्तीस आलेख एकाच लाटेसारखे उठले. मेळांक अठ्ठ्याऐंशी. संपूर्ण संशोधनातला सर्वांत मोठा आकडा, आणि तोही शिक्षकानं काहीही न सांगता आलेला.

सोलापूरला परतल्यावर माझे मार्गदर्शक देवचके सर यांच्यापुढे मी दोन्ही आकडे ठेवले. सर भला माणूस, पण प्रबंध जमा करायला अकरा दिवस राहिले होते.

"दुसऱ्या दिवशीचं मोजमाप बाकी सत्तावीस शाळांत घेतलंय का?"

"नाही, सर."

"मग तुलना कशाशी करणार? साधन चाळीस मिनिटांचं आहे. हा नमुना अपवादात्मक म्हणून वगळा आणि व्याप्ती-मर्यादेत एक ओळ घाला."

शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक प्रबंधात 'व्याप्ती आणि मर्यादा' नावाचं दीड पानाचं प्रकरण असतं. आधीच्या वर्षीच्या कुणाच्या तरी प्रबंधावरून ते उतरवून काढायचं, अशी आमच्यात रीतच आहे, कारण ते कुणीच वाचत नाही. मीही उतरवलं आणि शेवटी भर घातली, 'प्रस्तुत संशोधन एका तासिकेपुरते मर्यादित आहे.' हरणखोरीचे दोन्ही आकडे गेले. प्रबंधाला काळी बांधणी झाली, वर सोनेरी अक्षरं उमटली आणि मला सुवर्णपदक मिळालं.

पुढचं सगळं एवढ्या वेगानं झालं की मलाच धाप लागली. पाच वर्षांत राज्यानं मेळांक उचलला. शिक्षक होण्याचे जुने रस्ते, म्हणजे डी.एड., बी.एड., पात्रता परीक्षा, तिचे फुटलेले पेपर, हे सगळं बाजूला पडलं आणि नवा नियम आला. कुणीही या, पट्टी बांधा, वीस पाठ घ्या. सरासरी मेळांक पासष्ट आला की प्रमाणपत्र. नोकरीतल्या शिक्षकांनाही ते मिळवावं लागणार होतं. दोन संधी, दोन्हींत नापास झालात तर घरी. मी प्रमाणीकरण कक्षाची प्रमुख झाले.

नियमाचं भलं झालं नाही असं मी म्हणणार नाही. पात्रता परीक्षेत चारदा नापास झालेली गडहिंग्लजची एक मुलगी एकोणऐंशी मेळांक घेऊन शिक्षिका झाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. वशिल्याचे तट्टू गळाले. वर्तमानपत्रांत माझे फोटो आले. 'उजवा हात, डावा हात' कायमचं संपलं, असं मी भाषणांतून सांगत फिरले, आणि टाळ्याही मिळवल्या.

२०३७च्या डिसेंबरात लवटे माझ्या कार्यालयात आले. दारातच चपला काढायला लागले, तेव्हा मी उठून त्यांना आत आणलं. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. वीस पाठांची सरासरी अडतीस होती.

"पहिली संधी गेली, म्याडम. दुसरी मार्चात हाय. चौदा वर्सं झाली शिकवतोय. तेवढं सोडलं तर मला दुसरं काय बी येत न्हाई."

मी कागद बघत राहिले. पाठांची नावंच सांगत होती की माणूस बदललेला नाही. प्रश्न विचारायचा, खिडकीशी जायचं आणि पोरांना त्यांच्या त्यांच्या वाटेनं जाऊ द्यायचं.

"एक इचारू का?" ते संकोचून म्हणाले. "तुमच्या त्या प्रबंधात माझा बी वर्ग हुता न्हवं? म्हंजे ह्यो आकडा माझ्या पोरांवरनं बी काढलाय. मग माझंच माप चुकतंय, म्हंजे माझ्यातच कायतरी खोट असणार. ती तेवढी दावा."

त्या क्षणी दोन रस्ते होते. त्यांना आणि शासनाला खरं सांगायचं, की तुमचा वर्ग मी काढून टाकला आहे, सूत्र अर्धवट आहे, मोजमाप दुसऱ्या दिवशीही घ्यायला हवं. चार ओळींचं पत्र. पण तोवर दीड लाख शिक्षक त्या सूत्रावर प्रमाणित झाले होते, आणखी तीन राज्यं ते घ्यायच्या विचारात होती आणि आठवड्यानं माझं दिल्लीत भाषण होतं. उगाच खोटं कशाला सांगू? मी घाबरले.

"होता ना," मी म्हटलं. "तुमचाही वर्ग होता." आणि दुसरा रस्ता धरला. मी त्यांना शिकवलं.

तो रस्ता मला दयेचा वाटला होता, हे सर्वांत वाईट. पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी पडद्यावरून त्यांची शिकवणी घेतली. यंत्राची नस मला माहीत होती. "हे बघा लवटे, तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा सगळ्यांची डोकी तुमच्याबरोबर असतात. एक सेकंद, दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला पोरं आपापल्या विचारात शिरतात आणि मेळ तुटतो. म्हणून तिसरा सेकंद येऊच द्यायचा नाही. उत्तर आपणच सांगून टाकायचं."

"मग प्रश्न कशाला इचारायचा?"

"लक्ष वेधायला. आणि शेवटचं अक्षर पोरांना सोडायचं. 'पृथ्वी सूर्याभोवती फि...?' की सगळे म्हणतील 'रते'. तिथं मेळांक नव्वदीच्या वर जातो."

ते म्हणाले, "आवं, ह्ये तर आमच्या लहानपणीचे गुरुजी करायचे. मला त्याचा लय कंटाळा यायचा."

"नोकरी टिकवायची आहे ना?"

"हाय की." आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं. लवटे सगळं मनापासून करणारा माणूस. गप्प राहायचं ते मनापासून, आणि आता गप्प राहायचं नाही तेही मनापासून. समोर घड्याळ ठेवून त्यांनी सराव केला. पहिल्या आठवड्यात अडखळायचे, मध्येच थांबायचे आणि ओशाळं हसून म्हणायचे, "इसरलो बगा, पुन्हा थांबलो." मी त्यांना शाबासकी देत देत त्यांची ती खोड मोडली. मार्चात त्यांची सरासरी एक्क्याऐंशी आली. त्यांनी फोन केला तेव्हा पाठीमागे त्यांची बायको आणि मुलगी हसताना ऐकू येत होत्या, आणि मलाही वाटलं, चला, एका माणसाचं तरी भलं केलं.

पुढची चार वर्षं मी ते पत्र लिहिलं नाही. २०४१मध्ये राज्यभरातल्या वर्गांची पाहणी झाली. तिच्यात एक साधा रकाना होता, 'विद्यार्थ्यांनी आपणहून विचारलेले प्रश्न'. मेळांकाच्या आधी एका तासिकेला सरासरी चार असायचे, आता दहा तासिकांत एक निघाला. मेळांक मात्र दरवर्षी चढत होता. तो तक्ता बघितला आणि मला भडभडून आलं. त्याच दिवशी मी सगळं लिहून पाठवलं. वगळलेला वर्ग, एकतीस, अठ्ठ्याऐंशी आणि ती एक ओळ.

मला वाटलं होतं, पद जाईल, चौकशी बसेल. दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'आपल्या उपयुक्त सूचनेबद्दल आभार. प्रमाणीकरणात दुसऱ्या दिवशीचे मोजमाप समाविष्ट करण्यात येत आहे.' बस्स. कुणी जाबही विचारला नाही. ज्या पत्राला मी इतकी वर्षं घाबरले, त्याचा निकाल नमुन्यात एक रकाना वाढवून लागला. २०३७मध्ये लिहिलं असतं तरी हेच झालं असतं, आणि लवटे आहेत तसे पास झाले असते.

सुधारित नियमाचं परिपत्रक घेऊन मी हरणखोरीला गेले. लवट्यांचे केस पिकले होते, पण चेहऱ्यावर तजेला होता. "या, या म्याडम! आधी वर्गात चला," म्हणत त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं. पट्ट्या आता कायमच्याच झाल्या होत्या, आणि फळ्याशेजारी मेळांकाचा पडदा लावलेला होता.

सावलीचा पाठ चालू होता. "दुपारी सूर्य कुठं असतो? डोक्याव...?" "...र!" "मग सावली कशी पडती? आखू...?" "...ड!" आकडा शहाऐंशीवर होता. आवाज खणखणीत, गती झकास. जुन्या काळच्या माझ्या कुठल्याही परीक्षकानं त्यांना डोळे झाकून पहिला नंबर दिला असता.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी अर्धवट उठली. "सर, पर थंडीत दुपारी बी सावली लांब पडती."

पूर्वीचे लवटे अशा एका वाक्यासाठी आठवडाभर थांबले असते. त्यांची नजर पडद्याकडे गेली. आकडा ब्याऐंशीवर घसरला होता.

"ते पुढं हाय, ईश्वरी. आत्ता हिकडं लक्ष दे. सकाळी सावली लां...?"

"...ब!" वर्ग म्हणाला आणि ईश्वरी खाली बसली.

मधल्या सुट्टीत मी त्यांना परिपत्रक दिलं आणि सगळं सांगितलं. तुमचा वर्ग प्रबंधात नव्हता. मी खोटं बोलले. खोट तुमच्यात नव्हतीच, माझ्या सूत्रात होती. आता नियम बदलला आहे, तुम्ही पहिल्यासारखं शिकवा.

ते परिपत्रक वाचत राहिले. रागावतील, निदान दोन शब्द सुनावतील, असं मला वाटत होतं. मला ते हवंच होतं.

"जाऊ द्या वो, म्याडम," ते म्हणाले. "तुम्ही शिकिवलं म्हणून टिकलो. पोरीचं शिक्षण झालं. नायतर काय केलं असतं मी?" मग परिपत्रकाची घडी घालत, "पहिल्यासारखं म्हंजे... परश्न इचारायचा आन् गप बसायचं, तसंच न्हवं?"

"तसंच."

सुट्टी संपल्यावर ते वर्गात गेले. मी पुन्हा मागं बसले. "ईश्वरी," त्यांनी हाक मारली, "मगाशी तू थंडीतल्या सावलीचं काय म्हणत हुतीस?"

ईश्वरी उठली. तिनं सरांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "काय न्हाई, सर."

"सांग की. चुकलं तरी चालंल."

वर्ग शांत झाला. पण ही शांतता मला ओळखीची नव्हती. कुणी छताकडे बघत नव्हतं, कुणी रेघोट्या ओढत नव्हतं. सगळी पोरं ओठ तयार ठेवून सरांकडे बघत होती, शेवटचं अक्षर कधी येतंय याची वाट बघत. लवट्यांनी खिडकीकडे एक पाऊल टाकलं. मग त्यांचा हात उगाच सदऱ्याच्या बटणाशी गेला. "थंडीत सूर्य जरा खाली असतो," ते घाईघाईनं म्हणाले, "म्हणून सावली लां...?"

"...ब!"

तास संपल्यावर ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमंना झालंय, म्याडम. गप राहायची पोरांची बी सवय मोडली, माझी बी." मला रडू आलं. त्यांना ते दिसू नये म्हणून मी पाणी मागितलं.

निघताना त्यांनी शेरेबुक पुढे केलं. शाळेला भेट देणाऱ्या अधिकाऱ्यानं त्यात पाठाबद्दल आपलं मत लिहून सही करायची असते. खरं काय ते मला लिहायचं होतं. या माणसानं एकदा काही न सांगता अख्खा वर्ग शिकता केला होता, आणि ती कला मी पंधरा दिवसांत त्याच्याकडून काढून घेतली, एवढंच. पेन उघडून मी वर बघितलं. लवटे पेनाच्या टोकाकडे बघत उभे होते, सराव पाठानंतर आम्ही सगळे उभे राहायचो तसे.

'अध्यापन उत्तम. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला,' मी लिहिलं आणि सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं, त्यांचा चेहरा उजळला, आणि शाई वाळायच्या आत ते वही घेऊन हेडमास्तरांना दाखवायला गेले.